कानात सांगायचं नाव

कॉर्क,
१० मार्च २०२१

चि. सारंग यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

कौमुदीची तब्येत बरी ना? तिला डिंकाचे लाडू पोटभर खाऊ दे, वजनाचं नंतर बघता येईल. मी इकडे 'ग्रँड' आहे, म्हणजे इथल्या भाषेत, चाललंय. कोरोनामुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी, औषधाच्या कारखान्यात जायला मात्र मुभा.

रविवारी बारसं आलं आणि आत्याबाईंकडून नावाचा पत्ता नाही, म्हणून चिडला असशील. तीन आठवडे नुसतं 'बघते, बघते' चाललंय माझं. त्याचं कारण फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते आहे; रविवारच्या आत मिळावं म्हणून ईमेलने.

आमच्या लॅबमध्ये लिन आहे, चेंगडूची. जेवणाच्या सुट्टीत दोन मीटर लांब बसून ती तलवारबाजांच्या चिनी कादंबऱ्या वाचते. भिंतींवरून उड्या, गुरूच्या खुनाचा सूड, असलं सगळं. मी आधी नाक मुरडलं होतं. पण एकदा ती म्हणाली, "मारामारी सोड गं, नावं बघ." तेव्हापासून तिला भंडावून सोडलंय. याच्या नावाचा अर्थ काय, तिचं कुणी ठेवलं? एकेका गुरूच्या सगळ्या शिष्यांच्या नावात एक अक्षर सारखं असतं, म्हणजे कोण कुणाचा गुरुबंधू ते हाक मारली की कळतं. एका दांडगटाचं नाव 'शांत पाणी', आणि स्वारी पहिल्या पानापासून खवळलेली! आपल्याकडचंच झालं की, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

सध्याच्या कादंबरीत न्येन-ग्वेइ नावाची मुलगी आहे. न्येन म्हणजे ध्यास, ग्वेइ म्हणजे परत येणं. तिची आई तिला तान्हं असतानाच मठात सोडून गेली आणि जाताना एवढं नाव ठेवून गेली. पोरगी वीस वर्षं त्या नावापायी वाट बघते. शेवटी गुरूला विचारते, "परतायचं तिला होतं ना? मग ते माझ्या नावात कशाला?"

हे ऐकून माझा डबा तसाच राहिला. कारण आपल्या बाळासाठी मी नाव ठरवून ठेवलं होतं, क्षमा.

का, ते तुला कळायचं नाही, कारण तुला माहीतच नाही. ऑगस्टमध्ये आई आजारी असताना मी तुला सांगितलं, विमानच नाही. होतं रे, सारंग. डब्लिनहून खास विमान होतं आणि यादीत माझं नाव होतं. मी जागा सोडली. एकदा गेले की परत येऊ देतील का, नोकरी राहील का, या भीतीने. आणि खरं सांगू? आईला तशा अवस्थेत बघायचीही भीती वाटली. आठ दिवसांत ती गेली. तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलास, "ताईचा इलाज नव्हता." मी फोनवर ते ऐकलं आणि गप्प बसले.

आणि आता तुझ्या सव्वा महिन्याच्या लेकीला जन्मभर माझी क्षमा वागवायला लावणार होते. फार लाज वाटली.

तेव्हा क्षमा माझी मीच मागते. द्यायची की नाही, ते तुझ्यावर.

बाळासाठी नीलिमा सुचवते. आभाळाचा निळा रंग, त्यात कुणाचं काही राहिलेलं नाही. इथे तो क्वचित दिसतो, दिसला की सगळी गल्ली बाहेर येते. जुनं वाटलं तर कौमुदीने बेलाशक बदलावं.

हे वाचून मला आत्याचा मान द्यायचा की नाही, ते दोघांनी ठरवा. द्यायचा असेल तर रविवारी फोन तिच्या कानाशी धर, मी कुर्रर्र करीन. आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ते तेवढे राखून ठेव. ते घ्यायला मी येणार आहे, आणि या वेळी जागा सोडणार नाही.

तुझी ताई,
आणि तू म्हणशील तर नीलिमाची आत्या,
विभावरी