काकांच्या दिव्याचा नॉब

सातारा,
१० जुलै २०२४

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दिवा लागलाच नाही, म्हणून काका एकटे उठले आणि न्हाणीच्या दारात पडले, मनगट मोडलं, असं बाबांकडून कळलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तुला कमी ऐकू येतं, काकांची हाक पोचत नाही, म्हणून मीच हौसेने ती डबी केली. काकांनी उशाशी बटण दाबायचं, तुझ्यासमोर दिवा लागायचा. तुझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून प्रकाश कमी-जास्त करायला नॉबही लावला. शिरवळच्या कारखान्यात मोठमोठी यंत्रं सांभाळतो आणि घरचा एक दिवा मला धड करता आला नाही. या वेळी तरी माझ्यावर रागाव. डबी एसटीच्या पार्सलने पाठव, उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.

तुझा,
धवल

सांगली,
१६ जुलै २०२४

चि. धवल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डबी पाठवली आहे. सोबत भडंग आहे, ते खा आणि नीट जेव.

रागवायचं कुणावर ते आता ऐक. दिवा लागला नाही, असं मी तुझ्या बाबांना सांगितलं ते अर्धंच होतं. त्या दुपारी मीच नॉब फिरवून तो अगदी मंद केला होता. सकाळपासून ह्यांनी भंडावलं होतं. चष्मा दे, पंखा वाढव, पंखा कमी कर. मी आमटीला फोडणी देत होते तरी दिवा आपला लागलेलाच, मग एकदाचा विझला. मला वाटलं, दुपारी घटकाभर तरी झोपावं. मंद प्रकाशाने मला जाग येणार नाही हे मला कळत होतं, धवल. कळून केलं. उठले तेव्हा हे फरशीवर होते. म्हणाले, "किती वेळ बटण दाबत होतो गं." नवरा प्लास्टरमध्ये आणि दोष भाच्याच्या माथी. माझी मलाच लाज वाटते.

जमलं तर माया कमी करू नकोस.

तुझी,
विनोदिनी आत्या

सातारा,
२१ जुलै २०२४

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न.

डबी उघडली. नॉबच्या आत कार्बनची पट्टी असते. ती प्रखर टोकाशी जळून तुटली आहे. म्हणजे काकांनी सकाळी बटण दाबून धरलं तेव्हाच ती गेली. दिवा विझला, तुला वाटलं त्यांनी बटण सोडलं, आणि जळका वास फोडणीत लपला असेल. दुपारी तू नॉब फिरवलास तो आधीच मेलेल्या दिव्याचा. फिरवला नसतास तरी दिवा लागला नसता.

चूक माझीच. त्या नॉबच्या माहितीत दोनशे व्होल्ट लिहिलं होतं. म्हटलं, आपले तर बाराच, काळजी कसली. पण किती दाब सोसेल ते व्होल्ट सांगतात, किती ताप सोसेल ते वॅट. तो होता अर्ध्या वॅटचा, आणि तेही अख्ख्या पट्टीचं मिळून. नॉब टोकाशी नेला की पट्टीचा चिमूटभर तुकडाच सगळा भार घेतो आणि एकटाच तापतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याइतपत नॉब मी मोटारीच्या बल्बला जुंपला. बाबांनाही तसंच सांगितलंय. आता तारेच्या वेटोळ्यांचा, चांगला पंचवीस वॅटचा आणतो.

काकांना नमस्कार, आणि दोघांचा लोभ असू द्यावा.

तुझा,
धवल

सांगली,
२७ जुलै २०२४

चि. धवल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं आणि माझ्या झोपेचंही सांगून टाकलं. मग म्हणाले, "मंद केलास ते काय चुकलं? मलाही माझा कंटाळा येतो." लग्नानंतर इतकी कधी रडले नव्हते.

तुझ्या पट्टीने मला सोडवलं, समजलं. पण दिवा आधीच गेलाय हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? शेजारच्या शालूबाई आता दुपारी ह्यांच्यापाशी बसतात, तेवढ्यात मी झोपते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

ह्यांचे आशीर्वाद. आमच्यावरचा लोभ वाढवावा.

तुझी,
आत्या

ता. क. नवा दिवा लवकर कर, पण पंचवीस वॅटचा नॉब आणू नकोस. नॉबच नको. असला तर मी परत फिरवीन.