आतून ओलं जॅकेट

२ नोव्हेंबर, रविवार

पोचले एकदाची! दोन विमानं, नंतर लॉइडचा ट्रक, आणि सोबत भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी असा अर्धा संसार. विमानतळावर कुत्र्याने माझी बॅग तीनदा हुंगली, बिचाऱ्याला हिंगाची सवय नसणार. लॉइड मला ‘मिस सुनेत्रा’ म्हणतो आणि दर वाक्याआधी घसा खाकरतो. साठीचा, दाढीवाला, भला माणूस. मोंटानातल्या या एवढ्याशा गावात त्याचं शिकारीच्या कपड्यांचं दुकान आहे. जय तिथेच कामाला होता आणि लॉइडच्याच या लाकडी घरात राहायचा.

जय माझा मुलगा. गेल्या नोव्हेंबरात मागच्या डोंगरावर एल्क हरणाच्या शिकारीला गेला आणि थंडीने गारठून वारला. एकोणतीस वर्षांचा होता. एकदा लिहून टाकलं, म्हणजे सारखं लिहायला नको.

लॉइडने वर्षभर हे घर कुणाला दिलं नाही. डिसेंबरात नवीन माणूस येतोय, म्हणून मी महिनाभर आवराआवर करायला आलेय. नवरा, श्रीराम, कॅलिफोर्नियात आमच्या घरी, फ्रीमाँटलाच राहिला. त्याला या डोंगराकडे बघवत नाही. मला मात्र आज फार बरं वाटतंय. खिडकीतून पाइनची झाडं दिसतात, चहा छान झाला, आणि जयच्या पातेल्याचं बूड आमच्या घरच्यासारखंच काळंकुट्ट आहे. भांडी घासायचा आळस पोराने माझ्याकडून घेतला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

टेबलाच्या खणात जयची वही सापडली. थंडीत डोंगर चढताना कपड्यांचा कोणता लेअर, म्हणजे थर, निवडावा, याचा तक्ता तो गिऱ्हाइकांसाठी करत होता. अर्धाच झालाय. मी पुरा करू का, असं लॉइडला विचारलं. तो बराच वेळ घसा खाकरत राहिला, मग हो म्हणाला. मी तीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्ट केलं, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. चार जॅकेटं टेस्ट करणं ते काय अवघड!

त्याने दुकानात बसवून मला सगळं समजावलं. अंगाला मेरिनो लोकरीचं पातळ बनियन, सुती कधीच नाही. त्यावर ‘ॲक्टिव्ह’ लेअर: वजन पाव किलोच्या आसपास, वीण इतकी विरळ की उजेडाकडे धरला तर पलीकडची बोटं दिसतात. मी म्हटलं, हे कसलं गरम कापड, ही तर गाळणी! लॉइड म्हणाला, गाळणीच हवी. चढताना अंगातून घामाची वाफ निघते, ती बाहेर गेली पाहिजे. पिसं भरलेलं जाड जॅकेट पिशवीत ठेवायचं आणि वर पोचून बसल्यावर घालायचं. ते घालूनच चढलं तर घाम आत कोंडतो, पिसांचे ओले गोळे होतात, आणि माणूस थांबला की तोच घाम त्याला गारठवतो. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, असा इथला नियम. जगातली कुठली आई पोराला कुडकुडत घराबाहेर पाठवते, ते मला या लोकांनी सांगावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी पद्धत साधी आहे. लेअर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा, घालून पाऊण तास डोंगर चढायचा, उतरून पुन्हा तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढा घाम आत राहिला. राखाडी लेअर जाताना २७० ग्रॅम, आल्यावर २८८. एकदम पास. हिरवा ३४०चा ३९५ झाला, नापास. माझे गुडघेही नापास झाले, पण त्यांना तक्त्यात जागा नाही.

जयच्या अंगावर शेवटच्या दिवशी जे निळं जाड जॅकेट होतं ते शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ऑफिसातून परत आलंय. लॉइडने ते दाराआडच्या खुंटीला लावून ठेवलं होतं. आज तेही तोललं, उगाचच. ६१० ग्रॅम. तोलून झाल्यावर पुन्हा होतं तिथेच लावलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी खुंटीखाली पाण्याचे थेंब. छप्पर तपासलं, कोरडं ठणठणीत. जॅकेट बाहेरून कोरडं, पण बाहीत हात घातला तर आतून चिंब, आणि कोमट. नाकाला लावलं. जय शाळेतून सॉकर खेळून यायचा तेव्हा त्याच्या डोक्याला यायचा तो वास. काट्यावर ७४० भरलं.

लॉइड म्हणाला, भिंतीत ओल असेल, आणि माझ्या नजरेला नजर देईना. हीटरजवळ वाळवल्यावर संध्याकाळी पुन्हा ६१० झालं. टेस्टरचा नियम असा, की एकदा घडलं तर नोंद करायची, दुसऱ्यांदा घडलं तर घाबरायचं. मी नोंद केली आणि वरणभात खाऊन झोपले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल ८१०. आज ८९०.

आज लॉइडने वर्षभर पोटात ठेवलेलं सांगितलं. जय त्यालाच सापडला होता. वरच्या धारेवर, पाइनच्या बुंध्याशी बसलेला. निळ्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत लावलेली, आतून सगळं घामाने भिजलेलं. आणि पाठीवरच्या पिशवीत राखाडी लेअर, घडी घातलेला, अगदी कोरडा. सांगताना लॉइड लहान मुलासारखा रडला. ज्या पोराने अख्ख्या गावाला शिकवलं, त्याने ही चूक केलीच कशी, असं तो पुन:पुन्हा विचारत होता. मी कॉफी पीत बसले.

त्याने नाही केली. मी केली. श्रीरामलाही सांगितलेलं नाही, इथे लिहिते. गेल्या वर्षीच्या दिवाळीत, जायच्या थोडेच दिवस आधी, जय घरी आला तेव्हा ते जॅकेट मी त्याला घेतलं. तो हसला. ‘आई, यार, हे घालून चढत नसतात. आय विल बी सोक्ड, घामाने भिजून जाईन.’ मला राग आला. मोंटानाच्या थंडीची भीती वाटत होती, तिचा राग झाला. मी त्याचा हात माझ्या गळ्याला लावला आणि म्हटलं, माझी शपथ आहे तुला, डोंगर चढशील तेव्हा हे अंगात पाहिजे आणि खाली येईपर्यंत चेन उघडायची नाही.

पुण्यात वाढलेल्या पोराने मान डोलावली असती आणि कोपऱ्यावर जाऊन ते काढलं असतं. माझ्या आईच्या अशा शंभर शपथा मी कोपऱ्यावर काढून ठेवल्यात. पण जय इथला, अमेरिकेत वाढलेला. दिलेला शब्द म्हणजे शब्द. आणि शपथ मोडली की जिची शपथ घातली ती मरते, हे त्याला लहानपणी मीच हसत हसत सांगितलं होतं.

मी मरू नये म्हणून त्याने चेन उघडली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सव्वानऊला चहा घेताना खुंटीकडे लक्ष गेलं. रिकामी. खिडकीतून पाहिलं तर झाडांच्या कडेला जय उभा. निळं जॅकेट, चेन वरपर्यंत. कॉलरमधून वाफ निघत होती. चार मिनिटं उभा राहिला असेल. मी कप खाली ठेवला तेवढ्यात नव्हता.

वळून पाहिलं तर जॅकेट पुन्हा खुंटीला. १०३०. बर्फात पावलं होती, डोंगरावरून खाली येणारी. परत जाणारी नव्हती.

१६ नोव्हेंबर, रविवार

राखाडी लेअर कुंपणावर टाकून ठेवला. सव्वानऊला आला. कुंपणापर्यंत आला, लेअरला हात नाही लावला. चेनवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

मला कळलं. लहानपणी कशाचीही शपथ घातली की असाच समोर येऊन उभा राहायचा. आई, सुटली म्हण ना. ज्याने घातली त्यानेच ‘शपथ सुटली’ म्हणायचं, मग माणूस मोकळा. मी म्हटलंच नव्हतं. वर्षभर तो त्याच जॅकेटात तोच डोंगर चढतोय.

दोन शब्द आहेत. ते म्हटले की तो जॅकेट काढेल. आणि मग कशाला येईल?

मी दारात उभी राहिले, तोंड मिटून. लाज वाटते लिहायला, पण मला आनंद झाला होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

११८०. काल पिळलं तेव्हा बादलीत खारं पाणी.

थरथरत होता आज. दात वाजलेले इथपर्यंत ऐकू आले. मी म्हटलं नाही. श्रीरामचा फोन: सुनेत्रा, एनफ, मी तुझी फ्लाइट बुक करतोय. त्याला कसं सांगू, आपला मुलगा रोज चार मिनिटं दिसतो — मी कशी येऊ —

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज वर्ष झालं. ओठ निळे पडलेत. बोट चेनवरच. उद्या म्हणेन. आजच्या दिवशी नाही जमणार मला.

२० नोव्हेंबर

उद्या.

२१ नोव्हेंबर

थरथर थांबली. आधी वाटलं, बरं वाटतंय त्याला. मग आठवलं, लॉइड म्हणाला होता, कुडकुडणं थांबलं की शेवट जवळ. धावले दाराकडे, तोंड उघडलं — त्याने पाठ फिरवली होती. हाका मारल्या. झाडांत गेला.

खुंटी संध्याकाळपर्यंत रिकामी. कुंपणाबाहेर पावलं, आज पहिल्यांदाच वर जाणारी.

किती दिवस उभं केलं मी त्याला. माझ्या चार मिनिटांसाठी.

२२ नोव्हेंबर

सव्वानऊ. आला नाही. साडेनऊ. दहा.

मी जाते.

दुपार — धारेवर. घाईत घरातला जाड कोट तसाच घालून, ही वही खिशात कोंबून आले, पळत. आतून भिजलेय. सगळं शिकून तेच केलं. वारा आहे.

सापडला. पाइनच्या बुंध्याशी बसलाय. मी शेजारी —

म्हणायला गेले. जबडा हलत नाही. ओठ — ओठ जागेवर नाहीत. नुसती वाफ निघते. तो माझ्या तोंडाकडे बघतोय. चेन धरून बसलाय. वाट बघतोय माझा गुणी —

लिहून देते. जय, हे वाच. मराठी शाळेत रविवारी शिकलायस तू, बोट ठेवून एकेक अक्षर — हळू वाच, मी थांबते —

चूक तुझी नव्हती. माझी होती

पहिल्या दिवशीच म्हणायला हवं होतं रे. तू निघून जाशील म्हणून नाही म्हटलं —

पेन्सिल दोन हातांनी

वाकलाय वहीवर. वाचतोय. वाच —

शप

शपथ सु—