त्रास नाही, असं मी सांगितलं

प्रिय मायाताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आईच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ त्रास न देणारी आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते चूक आहे. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, मी म्हणाले होते. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पुन्हा लिहिते आहे.

तपासणीत दिसलं की ती गाठ गरजेपेक्षा जास्त हार्मोन तयार करते. पुढचं सगळं पेशंटला त्रास आहे की नाही यावर ठरणार होतं. नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, असेल तर लगेच औषध. डॉक्टरांनी आईलाच विचारलं, छाती धडधडते का, हात थरथरतात का, खाऊनही वजन उतरतं का. आईबाबा शाळेत गेले नाहीत, तू सातवीत सोडलीस, म्हणून दवाखान्यात उत्तरं मीच देते. आईनं हात पदराखाली घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काहीच त्रास नाही. थरथर सांगितली तर डॉक्टर दारूचं विचारतील आणि ते कागदावर येईल, ही भीती होती.

वरणाचं भांडं हातून सुटलं म्हणून आईचं मेसचं काम गेलं, तेव्हा ती पिते असं पहिल्यांदा तूच म्हणालीस. तुझं बाळही तिच्या मांडीवरून उचललंस. त्याच आठवड्यात बाबा हिंगण्याहून ड्यूटी करून आले आणि मला तिच्या तोंडाचा वास घ्यायला लावला. "प्रणाली शिकलेली हाय, खोटं नाही बोलणार." आई तोंड उघडून बसली, लहान मूल औषध घ्यायला बसतं तशी. वास आला नाही, ताई. कांद्याचासुद्धा नाही. तरी मी म्हटलं, सांगता येत नाही. बाबांसमोर तुला खोटं पाडायची हिंमत झाली नाही. आई एवढंच म्हणाली, "मी काहून पिऊ वं?" आणि पोळ्या लाटायला उठली.

आता बाबा तिला नशामुक्ती केंद्रात टाकणार आहेत. गुरुवारी भाऊजी गाडी घेऊन येणार, हे मला काल बाबांकडून कळलं. तू सांगितलं नाहीस. मी मात्र तुझ्यापासून लपवून काही करणार नाही, म्हणून हे पत्र. आईला मी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेते आहे. मी खोटं बोलले हे आधी सांगेन, मग बाहेर बाकावर जाऊन बसेन. उत्तरं आई देईल. बाबांना कळवायचं असेल तर कळव. आम्ही मंगळवारी, १८ नोव्हेंबरला जाणार आहोत.

तुझीच,
प्रणाली