आईला खुर्चीवर बसू द्या

अण्णा,

१. पाच आठवड्यांपूर्वी आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला.
२. शनिवारपर्यंत गुडघा शंभर अंश वाकत होता. आई हात न टेकता खुर्चीतून उठत होती.
३. रविवारी तुमचे थोरले भाऊ, तात्या, बेल्ह्याहून तिला बघायला आले. आई खुर्चीवरून उठली आणि खाली फरशीवर बसली.
४. तिला उठता येईना. तात्यांनी आणि मी धरून उठवलं. आज गुडघा सुजलेला आहे आणि सत्तर अंशांवर अडतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चूक कुठे झाली ते शोधणं माझं काम. तात्यांची चूक नाही. ते म्हणत होते, "अगं, बस की वर. नवा गुडघा बघाया आलोय, पाया पडून घ्यायला न्हाई." आई तुमच्या फोटोकडे बघून म्हणाली, "ह्यांनी कवा बसू दिलं न्हाई. आता माघारी बसू व्हय?" तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली.

एक दुपार आठवते. मी सातवीत आहे. टोमॅटोचा तोडा चाललाय, आई सकाळपासून सरीत वाकलेली. नारायणगावचा व्यापारी ओट्यावर येऊन बसतो. आई त्याला चहा देते आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जरा टेकते. तुम्ही आवाजही चढवत नाही. "पावण्याच्या बरोबरीनं बसतीस व्हय? उतर." ती गुडघ्यांवर हात दाबत, दोन टप्प्यांत उतरते. तिचे गुडघे तेव्हाच गेले होते, हे मला आज कळतं. व्यापारी जाईपर्यंत ती खुर्ची रिकामीच होती. तुमचे गुडघे मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिले. मेंढरांमागं चालून घट्ट झालेत, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात.

येत्या दोन-तीन आठवड्यांत गुडघा वाकला नाही तर तो असाच आखडेल, आणि कुणी हात दिल्याशिवाय आईला एसटीची पायरीसुद्धा चढता येणार नाही. मी समजावलं, रागावले, एक्स-रे दाखवला. ती मान डोलावते आणि पुन्हा फोटोकडे बघते. फोटो काढून ठेवता आला असता. माझा हात धजला नाही. आणखी एक, जे मी तिच्या व्यायामाच्या नोंदीत लिहिलेलं नाही: तात्या दारात दिसले तेव्हा खुर्चीवरून आईच्या आधी मी उठले होते.

हे पत्र वहीतच राहणार. तरीही, रविवारी तात्या पुन्हा येणार आहेत. बसलीस तरी चालेल, एवढं आईला शनिवारपर्यंत कळवा.