आधी डॉक्टरेट, मग एम.ए.

१९ जून १९५६
बी.ए.चा रिझल्ट लागला. इकॉनॉमिक्स, सेकंड क्लास. फर्स्टच होता, पण तपासणाऱ्याला माझी भाषा झेपली नसणार.
आता एम.ए. विषय पक्का : पैसा, बँका, सरकारी तिजोरी. म्हणजे एकूण वित्ताचं अर्थशास्त्र. मग डॉक्टरेट. फक्त कुठं करायचं ते ठरायचंय. मुंबई, पुणे, दिल्ली की लंडन. आठवड्याभरात ठरवणार.
धाकटी नलू इंटर पास झाली. तिला बी.ए. करायचंय. अण्णा मिलमध्ये टाइमकीपर, दोघांचं कॉलेज एकदम त्यांना परवडायचं नाही. ते म्हणाले, एका वेळी एकच, आधी अच्युताचं मार्गी लागू दे. नलू गप्प. आई गेल्यापासून घर तीच बघते, त्यामुळे तिला गप्प बसायची सवय आहे. मी तिला म्हटलं, माझं आठवड्यात ठरतंय, तू निर्धास्त राहा.

२७ जून
ठरलं नाही.
पुण्याला लायब्ररी उत्तम, पण ते गाव दुपारी झोपतं आणि मला नेमकं दुपारीच सुचतं. दिल्लीला गणित फार. गणिताला मी भीत नाही, पण ते माझ्या शैलीला मारक आहे. मुंबईचा कोर्स तसा बरा. पण परळहून ट्रामने जाऊन जेवायला घरी परत येता येतं, त्याला उच्च शिक्षण कसं म्हणायचं?
मित्र हेरंब लंडनला चाललाय. कोर्समध्ये काय काय आहे विचारलं, तर म्हणाला, पोचल्यावर बघू. असल्या बेफिकीर माणसांचं पुढं कठीण असतं.

१२ जुलै
अ‍ॅडमिशनची तारीख गेली. मुद्दाम जाऊ दिली. दडपणाखाली निर्णय घेऊ नये.
फोर्टातल्या एका बँकेत तात्पुरता चिकटलोय. लोक क्लार्क म्हणतील. मी त्याला फील्डवर्क म्हणतो. नलू घोडपदेवच्या शाळेत शिकवायला जाते. तिचंही तात्पुरतंच, माझं ठरेपर्यंत.

२ नोव्हेंबर १९५६
कालपासून द्वैभाषिक राज्य सुरू. मुंबई, विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, सगळं एका तिजोरीत. चाळीत सुतक पडल्यासारखं वातावरण. खालच्या मजल्यावरचे शामराव मिलमध्ये कापडाचे साचे चालवतात आणि उरलेल्या वेळात संयुक्त महाराष्ट्र समिती चालवतात. ते काल जेवले नाहीत. मीही जेवलो नाही. ते म्हणाले, असा स्वाभिमान हवा.
खरं कारण वेगळं होतं. आनंदाने घास उतरेना. डॉक्टरेटचा विषय सापडला : ‘द्वैभाषिक मुंबई राज्याची वित्तव्यवस्था – एक दीर्घकालीन अभ्यास’. अजून कोणी हात लावलेला नाही. राज्यच एक दिवसाचं, लावणार कोण?

९ नोव्हेंबर
कॉलेजच्या सरांना भेटलो. ते म्हणाले, आधी एम.ए. करा, प्रबंधाचं पुढं बघू. मी समजावलं की एम.ए. कुठलं घ्यायचं ते प्रबंधावरच अवलंबून आहे, प्रबंध पक्का झाला की एम.ए. आपोआप ठरेल. सर बराच वेळ चष्मा पुसत होते. विचारात पडले असावेत.
अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, बाजारात तुरी. पुढचं भटभटणीचं म्हणाले नाहीत. पाळी करून आले होते, दमले होते.

१७ फेब्रुवारी १९५७
डिलाईल रोडला समितीची सभा. शामरावांनी ओढून नेलं. माझी महाराष्ट्रावर निष्ठा आहेच. मी ‘झालाच पाहिजे’ सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडलो. मनात फक्त ‘प्रबंध सादर झाल्यावर’ एवढं जोडत होतो. घसा बसला.
घरी येऊन मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि राज्याच्या बजेटचे आकडे उतरवून घेतले. ज्याला पाडायला ओरडून आलो त्याची जमा-खर्चाची बाजू बघून बरं वाटलं. राज्य मजबूत आहे. दहा वर्षं तरी जातं कुठं.

२१ जून १९५७
पुन्हा अ‍ॅडमिशनचा मोसम. सरांनी निरोप पाठवला की मुंबईत जागा आहे, येऊन भेटा. गेलो नाही. एका वर्षाच्या आकड्यांवरून एम.ए. निवडणं म्हणजे उथळपणा. ट्रेंड दिसायला दोन वर्षं तरी लागतात.
नलूने विचारलं, दादा, यंदा ठरलं का? तिला ट्रेंड म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत ऐकत होती. शेवटी म्हणाली, जरा उजेडातून बाजूला हो.

२२ जून
अर्थशास्त्राची गोडी बायकांना उपजत नसते.

१४ जून १९५८
नलू कॉलेजात नाव घालून आली. स्वतःच्या पगारातून. सकाळी कॉलेज, दुपारी शाळा. कोणाला विचारलं नाही, सवरलं नाही. अण्णा संध्याकाळी हिंदमाताजवळून तिला एक सुती पातळ घेऊन आले. मला बी.ए. होऊन दोन वर्षं झाली, त्या पातळाएवढंसुद्धा कौतुक... जाऊ दे.
विषय इकॉनॉमिक्स. मी मोठ्या मनाने माझी पुस्तकं तिला दिली. माझं एम.ए. सुरू होईपर्यंत.
माझं म्हणाल तर यंदा तत्त्वतः पुणे ठरलंय.

३ जुलै
पुणे रद्द. तिथला अभ्यासक्रम शेती आणि सहकाराकडे झुकलाय. माझ्यावर अन्याय झाला असता.

११ जानेवारी १९५९
हेरंब लंडनहून मास्टर्स घेऊन आला. भेटायला गेलो. मी विचारलं, कोर्सची निवड कशाच्या आधारे केलीस? म्हणाला, पहिला जो मिळाला तो घेतला रे. आता इथं तीन ठिकाणी बोलावणं आहे. घाईचा परिणाम. बिचाऱ्याला आता तिन्हींतून एक निवडावं लागणार.

५ ऑगस्ट १९५९
राज्य मोडणार अशी कुजबुज. माझा विश्वास नाही. गॅलरीत उभं राहून शामरावांना आकड्यांनिशी पटवलं की द्वैभाषिक हे आर्थिकदृष्ट्या कसं भक्कम आहे. ते विडी विझवून म्हणाले, “तू नक्की कुणाच्या बाजूचो रे?”
मी म्हटलं, अभ्यासकाच्या.
“म्हंजे कुणाच्याच नाय.”
चाळीत अमूर्त विचाराला जागा कमी आहे. खोल्या लहान, त्याचाही परिणाम असेल.

८ डिसेंबर १९५९
दिल्लीने मान्य केलं. महाराष्ट्र वेगळा होणार, मुंबईसकट. खाली पेढे, गुलाल, लेझीम. शामरावांनी मला मिठी मारली आणि ढसाढसा रडले. मीही रडलो. ते सगळ्यांना सांगत सुटले की पोरगा बोलतो उलटं, पण आतून समितीचा आहे.
दोन पेढे खाल्ले. चांगले होते.

२० डिसेंबर
खचून चालणार नाही. विषय फिरवला : ‘द्वैभाषिक राज्याचं विघटन आणि तिजोरीची वाटणी’. उलट जास्त नाट्यमय. सरांकडे धावलो. ते म्हणाले, विषय फारच छान, म्हणून तर मागच्या पंधरवड्यात एकाने तो नोंदवलाही. मी विचारलं, तो कोण एवढा हुशार? सर म्हणाले, हुशार बेताचाच आहे, पण त्याचं एम.ए. झालेलं आहे.

१ मे १९६०
महाराष्ट्र झाला. अख्खं परळ रस्त्यावर. मीही गेलो, घोषणा दिल्या, आता मनात काही जोडायला नव्हतं. नलूने दारात रांगोळी काढली. परीक्षा संपल्यापासून ती गुणगुणत असते.
माझं राज्य साडेतीन वर्षांत गेलं. दीर्घकालीन.

१० जून १९६०
नलू फर्स्ट क्लास.
अण्णांनी चाळभर साखर वाटली. मला खरंच आनंद झाला. हे इथं लिहून ठेवतो, कारण दुपारपर्यंत तो झाला नव्हता.
ती एम.ए. करणार. मी लगेच माझी चार वर्षांची तुलना काढून बसलो. पुणे, दिल्ली, प्रत्येकाचे गुणदोष. ती चहा गाळत होती. म्हणाली, मुंबईच बरी, घरून जाता येतं. कप भरेपर्यंत ठरलं होतं.
रात्रभर तळमळलो.

१४ जून
आज सरांकडे गेलो. त्यांना स्पष्ट सांगितलं : मुंबई. यंदाच. विषय-बिषय पुढं बघू, आधी एम.ए. नोकरी सोडतो. सर खुर्चीवरून उठले, पाठ थोपटली. चार वर्षांत ते प्रथमच उठले. म्हणाले, उशीर झाला, पण या.
घरी कोणाला सांगितलं नाही. रविवारी जेवताना सांगणार. नलू आणि मी एकाच वर्गात. ती माझ्या शेजारी बसली तर चालेल का? चालेल.

१९ जून
रविवार. आमटी, भात, बोंबील. मी बोलणार एवढ्यात अण्णाच बोलले. ऑगस्टमध्ये ते रिटायर होतायत. नलू शाळेला रामराम ठोकतेय, एम.ए.बरोबर ती जमणार नाही. तेव्हा घर आता माझ्या पगारावर. मी म्हटलं, अण्णा, पण मी –
नलू वाढत होती. पळी तशीच धरून म्हणाली, “दादा, मी दोन वर्षं थांबले होते. आता तू थांब.”
रागाने नाही. भात हवाय का विचारावं तसं.
बोलण्यासारखं बरंच होतं. मी ताट पुढं केलं.

२० जून १९६०
ऑफिसात साहेबांनी बोलावलं. मला कायम करायचं घाटतंय. म्हणाले, पुढं शिकायचा वगैरे विचार असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे तुमच्या जागी दुसरा माणूस बघतो.
मी म्हटलं, नाही साहेब, तसा काही विचार नाही.
चार वर्षांत एकदाच निर्णय घेतला. अर्धं मिनिटही लागलं नाही.