हालिदाओपांची रिकामी गादी

नमनगान,
ऑगस्टचा दुसरा आठवडा, दुपार, तुतीच्या सावलीत

आदरणीय हालिदाओपा, आमच्या थोरल्या ताई,

धाकट्या जुमरदचा सलाम तुम्हाला पोचो. तुमच्या दोन्ही गुडघ्यांना (डाव्याला जरा जास्त), लेक बोतिरला, सूनबाईंना, बाळाला, बाळाच्या नव्या दाताला आणि पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत तुम्ही लावलेल्या सब्ज्याच्या कुंडीलाही पोचो. तुम्ही बऱ्या आहात ना? झोप लागते ना? लिफ्ट चालते ना? ताश्कंदचा चहा अजून पाणचटच लागतो ना? (लागत असणार असं मी धरून चालते. चव आवडायला लागली असेल तर कृपा करून कळवू नका.) आमच्याकडे अल्लाच्या कृपेने सगळं ठीक. अंजिरं बक्कळ आली, खरबुजं त्याहून बक्कळ, आणि आमचे हे छपरावरून उतरताना पडले ते गवताच्या भाऱ्यावर पडले, तेव्हा त्यातही कृपाच.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. ओपा, तुमच्याकडे फोन लावला की सूनबाई मोठ्या प्रेमाने कॅमेरा धरतात. त्यात मला छत दिसतं, पंखा दिसतो, अर्धं बाळ दिसतं आणि तुमचा नुसता आवाज येतो. शिवाय सगळं घर कान टवकारून बसलेलं. गेल्या शुक्रवारी तुम्ही विचारलंत, "जुमरद, खरं सांग, माझ्या जागेवर कोण बसतं?" आणि तेवढ्यात लाइन कट झाली. (झाली नाही. मीच बोट दाबलं.) तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. म्हणून हे सविस्तर उत्तर, टॅक्सीवाल्याबरोबर सहा खरबुजांच्या सोबतीने पाठवते आहे.

तर सुरुवातीपासून सांगते, कारण मधूनच सांगितलं तर मी वाईट दिसेन. मार्चमध्ये तुम्ही "बाळाचे चाळीस दिवस काढते आणि येते" म्हणून गेलात. चाळीसचे दीडशे झाले. आपल्या गश्तकच्या नऊ बायकांच्या आठ उरल्या. दर रविवारी पाळीपाळीने एकेकीच्या अंगणात जमायचं ते जमतोच, पण तोर रिकामी. दारापासून सगळ्यात लांबची ती मानाची गादी, बावीस वर्षं तुम्ही बसलात ती. तिच्याकडे बघत पुलाव खायचा म्हणजे घास घशाखाली उतरत नाही. शेवटची दुआ कोणी मागायची इथपासून पंचाईत. मे महिन्यात बायकांनी ठरवलं की खरबुजांचा मोसम संपेपर्यंत हालिदाची वाट बघायची, आणि नाहीच आली तर नवी मुख्य निवडायची. त्यातच बोतिरने तुमच्यासाठी नवा पलंग घेतल्याची बातमी आली. आपली उगिलोय म्हणाली, "पलंग घेतला की माणूस गेलं समजा." मी तिच्या पियालीत गारढोण चहा ओतला.

आता रिसोलत. तुमच्याहून तीन महिन्यांनी धाकटी, आणि ते तीन महिने तिला एकाहत्तराव्या वर्षीही पचलेले नाहीत. एप्रिलपासून ती दर रविवारी आपली उशी वीतभर वर सरकवत होती. कोणाच्या लक्षात येत नव्हतं, पण मी सगळ्यात धाकटी म्हणून दाराजवळ किटली घेऊन बसणार (वय वर्षं बासष्ट!), मला सगळं दिसतं. मेअखेरीस तिचा गुडघा तुमच्या गादीच्या काठाला टेकला. तेव्हा मी डोकं चालवलं. घरात जमलं तर दार असणार, दार असलं तर तोर असणार, तोर असली तर रिसोलत बसणार. मग बाहेरच जाऊ या की! उन्हाळा आहे, बाग आहे, नाट्यगृह आहे, आपल्या गावात बघण्यासारखं काय काय आहे जे आपण पुलाव शिजवण्याच्या नादात जन्मभर बघितलं नाही. बायकांना कल्पना फार आवडली. मला वाटलं, साप मेला आणि काठीही शाबूत राहिली.

पहिल्या रविवारी गुलाबाच्या बागेत गेलो. (त्या काळ्या-जांभळ्या गुलाबांना वासच नसतो, हे तुम्हाला माहीत होतं का? मी अठ्ठावीस झाडं हुंगली. माळी माझ्या मागे मागे फिरत होता.) सतरंजी अंथरली आणि रिसोलत उभीच. म्हणाली, "फाटक कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, "अहो, बागेला कसली आलीय तोर?" तर म्हणे, "फाटक म्हणजे दारच. आपण काय कुंपणाबाहेरच्या आहोत?" मग सतरंजी उचलली आणि फाटकापासून सगळ्यात लांब, भिंतीच्या कडेला नेली. तिथे पाणी सोडायची वेळ झाली होती. आठ बायका आणि एक पातेलं भिजून घरी आलो, आणि भिजलेल्या सतरंजीवर कोणीच बसलं नाही, तेव्हा तुमची जागा राहिली.

मग मी नाट्यगृह काढलं. तिथे खुर्च्यांना आकडे असतात, आकड्याला वय नसतं. नाटक पाचला, आम्ही साडेतीनला हजर, कारण तंदुरातून काढलेले समसे गरम होते. आत चिटपाखरू नाही. दार एकच. ओपा, मी खरंच सांगते, माझा काही दोष नाही: दारापासून सगळ्यात लांब काय असतं? रंगमंच! आणि त्यावर त्यांनी अंगण मांडलेलं, खरा लाल गालिचा अंथरलेलं, बुटकं टेबल, चहूबाजूंनी गाद्या, भिंतीला टेकवलेल्या उशा. रिसोलतने एकदा आकड्यांच्या खुर्च्यांकडे बघितलं, एकदा त्या गाद्यांकडे बघितलं आणि समशांचं टोपलं घेऊन पायऱ्या चढली. थोरली वर बसायला निघाली आणि बाकीच्या खाली खुर्चीत, हे कुठल्या घरात शोभतं? सगळ्या गेल्या. मी किटली घेऊन मागून गेले. (थर्मास होता, पण बोलायला किटलीच म्हणते.)

गप्पा रंगल्या. लोक येऊन बसायला लागले, तेही आमच्याकडे आदराने बघत होते, म्हणून आम्हाला काही वावगं वाटलं नाही. मग घंटा झाली, दिवे बदलले आणि विंगेतून पांढरी दाढी लावलेला एक नट आला. आठ बायका, अर्धे समसे आणि त्याच्या टेबलावर पसरलेलं आमचं दस्तरखान बघून बिचारा जागीच थिजला. पण नट झाला तरी आपल्याच मातीतला. वडीलधाऱ्या बायका बसल्या आहेत आणि सलाम न करता पुढे जायचं हे त्याच्या अंगातच नाही. छातीवर हात ठेवून वाकला. रिसोलतने विचारलं, "बरे आहात ना? मुलंबाळं बरी? आई आहे ना अजून?" तो म्हणाला, "आहे, तुमच्या दुआने." "तिचा रक्तदाब?" "गोळी चालू आहे." मग उगिलोयने विचारलं, मग बाकीच्यांनी, कारण एकीने विचारून बाकीच्यांनी गप्प बसणं बरं दिसत नाही. विंगेत एक तरुण मुलगी दोन्ही हातांनी केस धरून उभी होती. शेवटी रिसोलत म्हणाली, "घरचे मालक तुम्ही, असे खाली काय टेकता, वर बसा," आणि त्याला दंडाला धरून तोरवर बसवलं. मी चहा दिला. चहा घेऊन त्याने लोकांकडे बघितलं, डोळे पुसले आणि आपलं पहिलं वाक्य म्हटलं, कारण नाटकात ते होतंच: "तीन वर्षं झाली, या घराच्या उंबऱ्यावर माणूस फिरकला नाही." ओपा, हशाने छप्पर उडायचं बाकी राहिलं. आम्हाला मग अगदी हळुवारपणे खाली आणून पहिल्या रांगेत बसवलं, आणि मध्यंतरात त्या तरुण मुलीने येऊन विचारलं की पुढच्या रविवारीही याल का. तात्पर्य, त्या दिवशी तुमची जागा एका नटाने राखली.

तरी मी हार मानली नाही. तुम्हाला ती कालव्यापलीकडची गोल इमारत आठवते, जिला सगळे उलटी पियाली म्हणतात? आपण लहानपणापासून तिच्यावरून जात आलो आणि एकदाही आत डोकावलो नाही. मी आधी एकटी जाऊन बघून आले. गोल भिंत, गोल छत, आणि दारं किती? बारा! चहूकडून सारखी. मी राखणदार एरगश यांना विचारलं, "एवढी दारं कशाला हो?" ते म्हणाले, "बांधणाऱ्याला वाटलं, सगळ्यांनी सारखं बसावं. वर कोणी नाही, खाली कोणी नाही." मी म्हटलं, "मग बसतात का?" "कुठलं! लग्नं लागायची इथे. पाहुणे यायचे, उभे राहायचे, 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करत पुलाव गार व्हायचा. आता बंदच असते." मला तर हेच हवं होतं. बारा दारांत रिसोलत तोर कुठून शोधणार?

शोधली. किंवा उगिलोयने शोधली. ती भिंतीला हात लावत पावलं मोजत मोजत फिरली आणि म्हणाली, "बाराही दारांपासून लांब म्हणजे मधोमध." मधोमध कारंज्याचं टाकं आहे, गुडघाभर हिरवं पाणी आणि त्यात एक चप्पल तरंगत असलेली. आम्ही आठ जणी टाक्याभोवती उभ्या. मला हसू आवरेना, उगिलोयलाही आवरेना. रिसोलत मात्र हसली नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "हालिदा असती तर बसली असती कुठेही, आणि आपण मुकाट्याने तिच्या खाली बसलो असतो. सोपं होतं." मग नान उभ्या उभ्याच मोडून खाल्ली. येताना बसमध्ये माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुमची फार आठवण येते, ओपा, एवढं सरळ लिहून टाकते म्हणजे झालं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की तुमच्या जागेवर कोणी बसत नाही. आम्ही सारा उन्हाळा गावभर वणवण फिरतो ती त्यासाठीच. तुम्ही निश्चिंत असा, गुडघ्याला कोमट तेल लावा, बाळाला घट्ट गुंडाळू नका म्हणावं, आणि नव्या पलंगावर सुखाने झोपा. मोठ्यांना सलाम, लहानांना पापा.

तुमची धाकटी,
जुमरद

ता.क. खरबुजांतलं जाळीदार सालीचं आधी कापा, ते वाट बघणार नाही. बोतिरला देठाकडची फोड देऊ नका, त्याला लहानपणापासून ती सोसत नाही.

ता.क. २. टॅक्सीवाला चहा पितो आहे, तेवढ्यात लिहिते. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण ते मागच्या रविवारपर्यंतचं. परवा खरबुजांचा मेळा होता. सगळं नमनगान मैदानात. तिथे एकेका गश्तकसाठी मांडव घातले होते, आणि मांडवाला दार म्हणाल तर एकच. तोर समोर लखलखीत. माईकवाला आला आणि म्हणाला, "पहिलं खरबूज कापून दुआ कोण मागणार?" सगळ्यांनी रिसोलतकडे बघितलं. आणि ओपा, रिसोलतने मला खांद्याला धरून त्या गादीवर बसवलं. मी बसले. दुआ मागितली, आवाज सगळ्या मैदानावर गेला. आणि खरं सांगते, मला फार आवडलं. तिथून सगळं दिसतं: कोणाची पियाली रिकामी, कोणी नान तोडलीच नाही, कोण हसताना दुसरीकडे बघतं. बावीस वर्षं मला वाटायचं की तुम्ही नुसत्या बसून असता.

ता.क. ३. नंतर मी रिसोलतला कोपऱ्यात गाठून विचारलं, की चार महिने वीत वीत करून सरकलात आणि आयत्या वेळी मला का ढकललंत? ती म्हणाली, "मी बसले असते तर हालिदा म्हणाली असती, बरं झालं, योग्य माणूस मिळालं, आणि कायमची ताश्कंदला राहिली असती. धाकटी तिच्या जागेवर बसली हे कळलं की रागाने तरी पहिल्या गाडीने येईल. कळव तिला." तर ओपा, कळवलं. तुमच्या जागेवर मी बसते. राग येऊ द्या, खूप येऊ द्या, आणि या. दाराजवळ आता किटली धरायला कोणी नाही. उगिलोय चहा ओतते तो अर्धा बशीत जातो. तुम्ही आलात की मी तत्क्षणी उठून तिथे जाऊन बसेन, मनापासून.

फक्त या रविवारी नका येऊ. या रविवारी पाळी माझ्या घरची आहे. पुढच्या सोमवारी या.