जपानला पाठवायची चार पानं

१२ मार्च, मंगळवार. सकाळी ११.
संयोगिताच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही झाली. तिची फुप्फुसं आकसत चालली आहेत आणि इथल्या औषधांचा उपयोग संपला. जपानची एक कंपनी नवं औषध मोजक्या पेशंटना देते. नावं २८ तारखेपर्यंत घेणार. पुढची यादी सहा महिन्यांनी. सहा महिन्यांबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत.
फॉर्म फॅक्सनेच घेतात. हॉस्पिटलच्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, द्या सर, खाली मशीन आहे, पाच मिनिटांत पाठवते. मी नम्रपणे नकार दिला. त्या मशीनमधून निघालेली पानं मी पाहिली आहेत. मधोमध उभी रेघ असते. बायकोच्या जिवाचा प्रश्न असा सोडून द्यायचा नसतो.
संयोगिता व्हीलचेअरवरून माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१३ मार्च, बुधवार.
योजना: स्कॅन. मग एका कमांडने पानांचं फॅक्सला लागतं तसं निव्वळ काळं-पांढरं चित्र. मग मॉडेम. मग जपान. माउसला हातसुद्धा लावायचा नाही. तीस वर्षं सिस्टिम्समध्ये काढली आहेत. दोन वर्षांपूर्वी हेब्बाळच्या ऑफिसने मला मोकळं केलं, तेव्हा त्यांना आपण काय घालवतोय ते कळलं नाही.
संकल्प: शुक्रवारी पाठवणे.

१५ मार्च, शुक्रवार.
एस. पी. रोडवरून मॉडेम आणला. दुकानदाराने दोनदा विचारलं, फॅक्सा, सर? मग माळ्यावरून खोकं काढून धूळ झटकून दिलं. चालतो. चित्र मात्र उभं ताणलं जातं. डॉक्टरांची सही पडवळासारखी दिसते.
कुठला शुक्रवार, हे मी लिहिलं नव्हतं.

१८ मार्च, सोमवार. दुपार.
ताण गेला. आता सही दिसतच नाही. डॉक्टरांनी निळ्या, फिकट पेनने केली आहे आणि फॅक्सला फिकट कळत नाही. एक तर काळं, नाही तर पांढरं. किती फिकट रंगाला काळं धरायचं याचा एक आकडा कमांडमध्ये देता येतो. तो एकेकाने वाढवून बघतोय. वहीत तक्ता केला आहे. सुंदर झाला आहे.
संयोगिताने विचारलं, अजून पाठवला नाही का. एवढं विचारताना ती तीनदा थांबली. तिला तक्ता समजावला. अर्धा तास. डोळे मिटून ऐकत होती.

२० मार्च, बुधवार.
आमच्या लँडलाइनवर परदेशी फोन बंद आहे, हे आज कळलं. टेलिफोन ऑफिसात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, स्वल्प वेट माडी, सर, म्हणजे जरा थांबा. तासाभराने म्हणाल्या, नाळे बन्नी. उद्या या म्हणे. हा दोष माझ्या यंत्रणेचा नाही, याची नोंद असावी.
प्रियदर्शनी मॅडमचा फोन. म्हणाल्या, अजूनही आणून दिलात तर चालेल. काम अंतिम टप्प्यात आहे म्हणून सांगितलं. माणसाला स्वस्थपणे काम करू देत नाहीत.

२५ मार्च, सोमवार.
परदेशी फोन सुरू. ऑक्सिजनचं मशीन आता दिवसभर चालू असतं. संयोगिता बाथरूमपर्यंत जाऊन आली की पुढचा अर्धा तास नुसती बसून असते.
आजच पाठवणार होतो. पण स्कॅन तिरकं आलंय. दीड अंश. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पुन्हा करायला हवं.
आई म्हणाली, घरातून निघणाऱ्या कागदाला कुंकवाचं बोट लावावं. आमच्याकडे लग्नपत्रिकेपासून फ्लॅटच्या करारापर्यंत सगळ्याला लागलेलं आहे. मी म्हटलं, कागद घरातच राहणार, जाणार ती प्रत. आई म्हणाली, मग बोटही प्रतीबरोबर जाईल. शहाऐंशी वर्षांच्या आईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

२६ मार्च, मंगळवार. सकाळी ८.
पहाटे संयोगिताचे ओठ निळे पडले. ऑक्सिजन वाढवल्यावर बरे झाले.
आई आंघोळीला गेली तेव्हा देवघरातून कुंकू घेतलं आणि पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात बोट उमटवलं. हे कुणाला कळायचं कारण नाही. मी फार घाबरलो होतो. मग स्कॅन केलं. सरळ आलं.

२७ मार्च, बुधवार. सकाळी ७.४०.
गेला. पहिल्याच खेपेला जपानने उचलला. चार पानं, सहा मिनिटं. स्क्रीनवर 'यशस्वी' असं आलं. सहीसाठी आकडा बराच वर नेला होता. पाठवण्याआधी चौथं पान उघडून खात्री केली. सही छापल्यासारखी ठळक. बाकीची पानं उघडायची गरज नव्हती.
मुदतीच्या एक दिवस आधी. संयोगिताला सांगितलं तेव्हा तिने माझा हात दाबला. दोन चमचे खीर खाल्ली.

४ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३.
प्रियदर्शनी मॅडमनी बोलावलं. फॉर्म अपूर्ण म्हणून बाजूला ठेवला आहे. पेशंटचा नंबर वाचता येत नाही. तिकडे मिळालेलं पहिलं पान त्यांनी परत पाठवलंय. वरच्या कोपऱ्यातल्या नंबरच्या चौकटीत बोटाएवढा काळा गोळा. लाल रंगही कमांडला काळाच.
हे काय आहे सर, असं त्यांनी विचारलं. जपानच्या मशीनची शाई फुटली असेल, म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर जपानला फोन लावला, खूप विनवण्या केल्या. यादी भरली आहे.
पुढच्या यादीसाठी आकडा कमी करून ठेवला आहे.

५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी १०.
संयोगिताला सांगायला बसलो. जपानच्या मशीनपासून सुरुवात केली. तिने हात वर करून थांबवलं.
म्हणाली, फॉर्म पहिल्याच दिवशी प्रियदर्शनीकडे द्यावा असं तिच्या मनात होतं. ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. ते तिला मोडवलं नाही. रोज वाटायचं, आज सांगू.
एवढं बोलायला तिला फार वेळ लागला. मी तक्त्याची वही मिटून ठेवली.